गणपूर्ती, प्रोसिडिंग आणि गैरहजर माणसे

ग्रामपंचायतीच्या प्रोसिडिंग बुकात एक वाक्य असते. ते इतक्या वेळा लिहिले गेले आहे की लिहिणाऱ्याचा हात ते सवयीने लिहितो आणि वाचणाऱ्याची नजर त्यावर थांबत नाही. 'गणपूर्ती न झाल्याने आजची सभा तहकूब करण्यात येत आहे. तहकूब सभा अमुक तारखेस त्याच ठिकाणी घेण्यात येईल.' पुढच्या पानावर तहकूब सभेचे इतिवृत्त असते. तेथे विषय एकापाठोपाठ एक मंजूर झालेले असतात आणि प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते' हा शब्द असतो. पहिल्या पानावर जी माणसे नव्हती ती दुसऱ्या पानावरही नसतात. मग हे 'सर्व' कोण? ह्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

विषय रुक्ष वाटेल. आमच्या साहित्याने भूक लिहिली, अपमान लिहिला, गावकुसाबाहेरचे जगणे लिहिले. सभेचे नियम हा वकिलांचा आणि कारकुनांचा प्रांत म्हणून आम्ही तो बाजूला ठेवला. परंतु घरकुलाची यादी, वस्तीचा रस्ता, पाण्याची टाकी, गायरानाचा प्रश्न, मागासवर्गीयांसाठी राखून ठेवावयाचा पंधरा टक्के निधी ह्या साऱ्यांचा निकाल त्या वहीत लागतो. ज्या वहीत आपले भवितव्य लिहिले जाते ती वाचता न येणे, ही अक्षरओळख झाल्यानंतरही उरलेली निरक्षरताच आहे.

गणपूर्ती ही कल्पना इंग्रजांनी आपल्याला दिली असे सर्रास समजले जाते. 'कोरम' हा शब्द कचेरीतून गावात आला, त्यामुळे हा समज पक्का झाला. वस्तुस्थिती निराळी आहे. बौद्ध संघाच्या विनयात संघकर्मासाठी किमान संख्या ठरवून दिलेली होती. काही कर्मांना चार भिक्खू पुरत. काहींना पाच, दहा किंवा वीस लागत. उपसंपदा देण्यास दहा भिक्खूंचा संघ आवश्यक होता. संख्या पुरी करणाऱ्यास पालीत 'गणपूरक' म्हटले आहे. आज आपण सरकारी मराठीत 'गणपूर्ती' म्हणतो तो शब्द ह्याच घराण्यातला आहे. पूर्ण संघ आणि अपुरा संघ असा भेद विनय करतो, आणि अपुऱ्या संघाने केलेले कर्म हे कर्मच नव्हे असे मानतो.

ह्या संदर्भात विनयातील दोन गोष्टी आजच्या कार्यकर्त्याने लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अवंतीची. अवंती हा तेव्हाच्या मध्यदेशाबाहेरचा प्रदेश. तेथे भिक्खू विरळ. सोण नावाच्या तरुणाला उपसंपदा घ्यावयाची होती, पण दहा भिक्खू एकत्र येईपर्यंत तीन वर्षे गेली. पुढे हा सोण आपल्या गुरूचा, महाकच्चानाचा, निरोप घेऊन बुद्धांकडे गेला. दूरच्या प्रदेशांतील ही अडचण ऐकून बुद्धांनी तेथील संख्या दहावरून पाचावर आणली आणि त्या पाचांत एक विनय जाणणारा असावा अशी अट घातली. म्हणजे अडचण खरी असेल तर संख्या उघडपणे कमी करता येते. परंतु 'एकदा जमले नाही, आता कितीही चालतील' असे बुद्धांनी म्हटले नाही. संख्या कमी केली आणि तिच्याबरोबर जाणकारीची अट वाढवली.

दुसरी गोष्ट आजारी भिक्खूची. तो सभेस येऊ शकत नसेल तर त्याने आपली संमती दुसऱ्यामार्फत कळवावी. तेही शक्य नसेल तर त्याला मंचकासह सभेत आणावे. हलवल्याने दुखणे बळावणार असेल तर संघाने त्याच्याकडे जावे आणि तेथे कर्म करावे. पण त्याला वगळून अपुऱ्या संघाने कर्म करू नये. गैरहजर माणसाच्या बाबतीत इतकी काळजी घेणारा सभानियम जगाच्या इतिहासात फार जुना आहे आणि तो ह्या भूमीतला आहे. त्याच्या मुळाशी असलेला विचार असा, की गैरहजेरी ही नेहमी माणसाची इच्छा नसते आणि म्हणून ती सभेची सोयही होऊ नये.

संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच परंपरेकडे बोट दाखवले. लोकशाही भारताला नवी नाही हे सांगताना त्यांनी भिक्खुसंघांच्या कामकाजातील एकेक नियम मोजून दाखवला: बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, प्रतोद, मतमोजणी, गुप्त मतदान. हे नियम बुद्धांनी तत्कालीन राजकीय सभांवरून घेतले असावेत असेही ते म्हणाले. ही लोकशाही देशाने एकदा गमावली, ती पुन्हा गमावणार काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. राज्यघटना संमत होण्याच्या आदल्या दिवशी, इतक्या मोठ्या प्रसंगी, त्यांना गणपूर्तीसारखी बारीक गोष्ट सांगावीशी वाटली. लोकशाही केवळ मोठ्या शब्दांनी टिकत नाही, ती अशा बारीक नियमांनी टिकते, हे त्यांना ठाऊक होते.

रिकाम्या खुर्च्यांचा अनुभव त्यांनी स्वतः घेतला होता. मसुदा समितीत सात सदस्य नेमले गेले होते. ५ नोव्हेंबर १९४८ रोजी टी. टी. कृष्णम्माचारी यांनी सभागृहाला त्या सातांची हकीकत सांगितली. एकाने राजीनामा दिला आणि त्याची जागा भरली गेली. एक मरण पावला, एक अमेरिकेत होता, एक संस्थानांच्या कामात गुंतलेला होता, एकदोघे दिल्लीपासून दूर होते. मसुद्याचा भार अखेर एकट्या आंबेडकरांवर पडला, असे त्यांचे म्हणणे होते. तेथे इतरांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि आपला माणूस बसून होता. गावाच्या सभेत नेमके उलट घडते.

राज्यघटनेने गणपूर्तीला कोणते स्थान दिले? अनुच्छेद १०० अन्वये संसदेच्या प्रत्येक सभागृहाची गणपूर्ती एकूण सदस्यांच्या एकदशांश आहे. अनुच्छेद १८९ अन्वये विधानमंडळाच्या सभागृहासाठी दहा सदस्य किंवा एकदशांश, ह्यांपैकी जी संख्या अधिक ती. बैठक चालू असताना संख्या घटली तर बैठक तहकूब करणे, किंवा गणपूर्ती होईपर्यंत स्थगित ठेवणे, हे अध्यक्षाचे कर्तव्य आहे. 'गणपूर्ती होईपर्यंत' ह्या शब्दांत सारे मर्म आहे. थांबायचे ते माणसे येईपर्यंत. थांबून झाले म्हणून माणसांशिवाय पुढे जायचे नाही.

हा नियम राज्यघटनेतूनच काढून टाकण्याचा एक प्रयत्न झाला होता. आणीबाणीत, १९७६ साली झालेल्या ४२ व्या घटनादुरुस्तीत गणपूर्तीची ही कलमे वगळून तो विषय सभागृहांच्या नियमांवर सोपवण्याची तरतूद होती. ती अमलात आणण्याची तारीख जाहीर झालीच नाही आणि १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ती तरतूद रद्द केली. सत्ता जेव्हा घाईत असते तेव्हा हजर माणसांची संख्या तिला अडचणीची वाटते. हा धडा दिल्लीचा, पण तो चावडीलाही लागू पडतो.

आता गावाकडे वळू. ग्रामपंचायतीविषयी बाबासाहेबांची भूमिका परिचित आहे. ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांना वेगळे प्रतिनिधित्व दिल्याशिवाय गावाच्या हाती सत्ता देण्यास त्यांनी विरोध केला. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी गावाचे गोडवे गाणाऱ्यांना कठोर शब्दांत उत्तर दिले आणि घटनेने व्यक्ती हा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले. पुढे त्याच महिन्यात ग्रामपंचायतींविषयीचे निदेशक तत्त्व स्वीकारले गेले. आज ते अनुच्छेद ४० आहे. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना आणि स्त्रियांना पंचायतींत राखीव जागा मिळाल्या, म्हणजे १९३२ मधील त्यांचा आक्षेप साठ वर्षांनी अंशतः मान्य झाला. ग्रामसभेला अनुच्छेद २४३-अ ने घटनात्मक स्थान मिळाले. परंतु संसदेची आणि विधानसभेची गणपूर्ती जशी घटनेत लिहिली तशी ग्रामसभेची लिहिली नाही. तिचे अधिकार आणि कामकाज राज्याच्या कायद्यावर सोडले.

बीड जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्राचा भाग झाला. त्यामुळे १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, ज्याला आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात, येथेही लागू झाला. ह्या अधिनियमाप्रमाणे ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, ह्यांपैकी जी संख्या कमी ती. चारशे मतदारांच्या गावात साठ माणसे लागतात. मतदार ६६७ च्या वर गेले की आकडा शंभरावर थांबतो. तीन हजार मतदारांच्या गावातही शंभरच, म्हणजे शेकडा साडेतीनदेखील नाहीत. संसदेला एकदशांश आणि गावाला त्याहून कितीतरी कमी! तरीही ही शंभर माणसे जमत नाहीत. मग सभा तहकूब होते आणि तहकूब ग्रामसभेला गणपूर्तीची अट राहत नाही.

राज्यघटना म्हणते, माणसे येईपर्यंत थांबा. गावाचा नियम म्हणतो, एकदा थांबा आणि मग माणसांशिवाय चालू द्या. काम अडून राहू नये, मूठभर लोकांनी गैरहजर राहून गावाचा कारभार रोखू नये, हे ह्या सवलतीचे समर्थन आहे आणि त्यात तथ्यही आहे. कंपन्यांच्या आणि सहकारी संस्थांच्या सभांनाही अशी सवलत असते. वार्षिक सभेच्या नोटिशीतच छापलेले असते की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी होईल व तिला गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. म्हणजे माणसे येणार नाहीत हे नोटीस छापतानाच गृहीत धरलेले असते. पण भागधारक घरी बसून राहतो तेव्हा तो स्वतःच्या मर्जीने राहतो. बीड जिल्ह्यातला गैरहजर माणूस घरी बसलेला नाही.

तो फडात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून, आष्टी-पाटोदा-शिरूरकडून, केज-धारूर-वडवणीकडून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. माणसांची मोजणीही हत्याराच्या नावाने होते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात कोपी उभी राहते, आणि मार्च-एप्रिलमध्ये हंगाम संपल्यावर माणसे परततात. पावसाच्या आशेवरची जमीन, १९७२ चा दुष्काळ, साखर कारखान्यांचा विस्तार ह्या कारणांनी हे स्थलांतर वाढत गेले. ह्या टोळ्यांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, वंजारी, बंजारा आणि इतर भटके-विमुक्त आहेत, अल्पभूधारक मराठेही आहेत. गावात मागे उरतात म्हातारी माणसे, काही मुले, आणि ज्यांना कोयता हाती धरावा लागत नाही ती घरे.

आता ग्रामसभेचे वेळापत्रक ह्या स्थलांतराशेजारी ठेवून पाहावे. कायद्याप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ह्या तारखांना त्या घेण्याचा प्रघात आहे. ग्रामपंचायत विकास आराखड्यासाठी २०१८ पासून देशभर जी लोकमोहीम सुरू झाली, तिचा काळ २ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर असा ठरवला गेला. पंचायतीचे अंदाजपत्रकही जानेवारीच्या सुमारास तयार होते. म्हणजे गावाच्या पैशाचा विचार ज्या महिन्यांत होतो त्याच महिन्यांत गावातला कष्टकरी गावाबाहेर असतो. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर सभा बसते, आणि प्रजेचा मोठा हिस्सा शेकडो मैलांवर मोळ्या बांधत असतो. ह्यात कोणी एकाने कट केला आहे असे नाही. कारखान्याचा हंगाम आणि शासनाचे वेळापत्रक दोन्ही आपापल्या सोयीने ठरले, आणि दोन्ही ठरवताना ह्या माणसाला कोणी विचारले नाही.

मतदानाला मात्र हीच माणसे आठवतात. निवडणूक हंगामात आली की फडावरून ट्रक भरून मतदार आणल्याच्या बातम्या आपण वाचतो. उमेदवाराला एका दिवसासाठी जी वाहने मिळतात ती ग्रामसभेसाठी कोणालाच मिळत नाहीत. मत मोजले जाते म्हणून मतदाराला आणावे लागते. तहकूब सभेत माणूस मोजला जात नाही म्हणून त्याला आणण्याची गरज उरत नाही. गणपूर्तीचा नियम काय करतो हे ह्यावरून ध्यानात येईल. गैरहजर माणसालाही किंमत आहे, त्याच्या नसण्याने काही अडते, असे सांगणारा हा सभेतला एकमेव नियम आहे. तो बाजूला सारला की गैरहजर माणूस कागदावरूनही नाहीसा होतो.

गणपूर्तीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे, नाहीतर विवेचन एकांगी होईल. गणपूर्ती आपल्या विरुद्ध हत्यार म्हणूनही वापरली जाते. राखीव जागेवर दलित स्त्री सरपंच झाली. तिने मासिक सभा बोलावली की सदस्य येतच नाहीत. मासिक सभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते. सभा होत नाही, कामे अडतात, आणि मग 'हिला कारभार जमत नाही' असा बोभाटा होतो. सभा बोलावण्यात कसूर करणारा सरपंच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे अपात्र ठरू शकतो. म्हणून अशा सरपंचाचे खरे संरक्षण तिची वही असते. नोटीस कोणत्या तारखेस काढली, कोणास पोचली, किती वाजेपर्यंत वाट पाहिली, कोण आले, कोण आले नाही, हे लिहिलेले असेल तर कसूर कोणाची हे वहीच सांगते. लिहिलेले नसेल तर बोभाटा खरा ठरतो.

ह्या बहिष्काराचे टोकाचे रूप तामिळनाडूत दिसले. मदुराई जिल्ह्यातील पाप्पापट्टी, कीरिपट्टी, नट्टारमंगलम ह्या गावांत पंचायतीचे अध्यक्षपद अनुसूचित जातींसाठी राखीव झाल्यावर १९९६ पासून दहा वर्षे पंचायत नीट उभी राहू दिली गेली नाही. कधी उमेदवारी अर्जच येऊ दिले नाहीत. कधी निवडून आलेल्याने लगेच राजीनामा दिला. २००६ मध्ये प्रशासनाने लक्ष घातल्यावर निवडणुका पार पडल्या. खुर्ची रिकामी ठेवणे हाही सत्तेचा एक प्रकार आहे, हे ह्या उदाहरणावरून समजते. तेव्हा प्रत्येक रिकाम्या खुर्चीबाबत दोन प्रश्न विचारावे लागतात: ती कोणाची, आणि ती कोणी रिकामी केली?

मग सभेत गणपूर्ती नसेल किंवा मोडली तर करावयाचे काय? हे कार्यकर्त्याला नेमके माहीत पाहिजे. सभेच्या आरंभी हजेरी घ्यावी, सह्या-अंगठे घेऊन त्याखाली रेघ मारावी आणि वेळ लिहावी. नंतर वही घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या हा हजेरीचा पुरावा नसून गैरहजेरीचा पुरावा आहे. ठरलेल्या वेळी संख्या नसेल तर नियमाप्रमाणे वाट पाहावी आणि मग प्रत्यक्ष हजर असलेला आकडा लिहून सभा तहकूब करावी. 'गणपूर्तीअभावी' एवढा एकच शब्द पुरेसा नाही. मतदार किती, हवे होते किती, आले किती हे तीन आकडे वहीत पाहिजेत.

सभा सुरू झाल्यावर लोक उठून गेले तर? सर्वसाधारण सभाशास्त्र असे, की संख्या पूर्ण असताना झालेले ठराव कायम राहतात आणि संख्या घटल्याचे अध्यक्षाच्या निदर्शनास आल्यापासून पुढे ठराव करता येत नाही. म्हणून ही गोष्ट त्याच क्षणी उठून बोलली पाहिजे. दुसऱ्या दिवशी पारावर बोलून उपयोग नाही. 'माणसे मोजा' एवढे दोनच शब्द म्हणावेत. मोजणी झाली की वेळ आणि संख्या वहीत लिहून घ्यावी, आणि कोणत्या विषयापर्यंत कामकाज झाले होते तेही लिहून घ्यावे. सभानियमांचे प्रसिद्ध पुस्तक १८७६ साली लिहिणाऱ्या हेन्री रॉबर्ट ह्या अमेरिकन लष्करी अभियंत्याच्या परंपरेतही संख्येविना उरलेल्या सभेला तीनचारच गोष्टी करता येतात: माणसे बोलावून आणणे, थोडा वेळ थांबणे, पुढची तारीख ठरवणे आणि उठणे. उरलेल्यांनी चर्चा केली तर ती गप्पागोष्टी समजावी. तिला इतिवृत्तात ठरावाचा क्रमांक मिळता कामा नये.

तहकूब सभा भरली तर तिच्यात मूळ नोटिशीतलेच विषय घ्यावयाचे असतात. 'ऐनवेळचे विषय' ह्या शीर्षकाखाली नवा विषय घुसवला जात असेल तर हरकत घ्यावी आणि हरकत नावासह लिहून मागावी. 'सर्वानुमते' हा शब्द वाचून दाखवला गेला की विरोध असणाऱ्याने आपला विरोध नोंदवावा. एक माणूस विरोधात असला तरी तो शब्द खोटा ठरतो. वहीत कोऱ्या जागा सोडू देऊ नयेत. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त कायम करण्याआधी ते मोठ्याने वाचण्याची मागणी करावी. नक्कल पाहिजे असेल तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे. ह्यात कोठेही आवाज चढवावा लागत नाही. पण नियम माहीत असलेला एक माणूस सभेत बसलेला असावा लागतो. बुद्धांनी पाचांत एक विनय जाणणारा हवा असे म्हटले त्याचा आजचा अर्थ हाच आहे.

हे सांगताना वहीवर अवाजवी भिस्त ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले करण्याचा ठराव केला, परंतु २० मार्च १९२७ रोजी माणसे पाण्यापर्यंत चालत गेली तेव्हाच त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतर ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने तो ठराव रद्द केला, आणि न्यायालयात निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी केला. तेथे गणपूर्तीची काही उणीव नव्हती. तरी मराठवाड्यातल्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ रोजी झाली. ठराव हा हक्काचा दाखला आहे. हक्क मिळवणे ही त्यापुढची गोष्ट. पण दाखलाच दुसऱ्याच्या नावाने लिहिला गेला तर पुढची लढाई उभी राहण्यास पायाच उरत नाही, हेही तितकेच खरे.

आणि हा आरसा आपल्यापुढेही धरला पाहिजे. आपली मंडळे, वसतिगृहे, शिक्षणसंस्था, विहार समित्या कशा चालतात? किती ठिकाणी वार्षिक सभा कागदावर होते? किती ठिकाणी चार जणांनी बसून चाळीस जणांच्या नावे ठराव लिहिला जातो? मग फूट पडते, दोन कार्यकारिणी उभ्या राहतात, दोन्ही धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट दाखल करतात, आणि सभा झाली होती का, गणपूर्ती होती का, ह्यावर वर्षानुवर्षे तारखा पडतात. तोवर वसतिगृहाचे छप्पर गळत राहते. गावच्या प्रस्थापितांना आपण जो प्रश्न विचारतो तो आपल्या संस्थांत विचारला जात नसेल, तर आपण सत्तेची रीत तीच ठेवून फक्त खुर्चीवरचा माणूस बदलू पाहत आहोत, असे म्हणावे लागेल. भिक्खुसंघाचा वारसा सांगणाऱ्यांना हे शोभणारे नाही.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. ऊसतोड्याला २६ जानेवारीच्या सभेत कसे आणावे? फड सोडून तो येऊ शकत नाही; एक दिवस आला तर मजुरी बुडते आणि उचल फिटत नाही. मग सभेनेच त्याच्याकडे जावे. आजारी भिक्खूपाशी संघ जात होता. आज सभा फडावर नेणे कठीण असेल, पण सभेची तारीख हलवणे कठीण नाही. कायदा चार सभांची किमान संख्या सांगतो, त्याहून अधिक सभा घेण्यास मनाई करीत नाही. टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, एक सभा. माणसे परतल्यावर, मे महिन्यात, दुसरी. घरकुलाची यादी, गायरान, आराखडा, निधी हे विषय ह्या दोन सभांतच घ्यावयाचे आणि जानेवारीच्या तहकूब सभेत घ्यावयाचे नाहीत, असा ठराव गावोगावच्या ग्रामसभांनी करावा. तो ठराव भरल्या सभेत करावा आणि त्याखाली किती माणसे हजर होती तो आकडा लिहावा.

हा आकडा लिहिण्याचा आग्रह धरणे हे तरुण कार्यकर्त्यांचे, विद्यार्थ्यांचे आणि गावातल्या शिक्षकांचे काम आहे. पुढच्या सभेला जाताना त्यांनी मतदारयादी सोबत न्यावी, आणि पहिला विषय पुकारला जाण्यापूर्वी उभे राहून माणसे मोजावीत.